चौथ्या प्रकरणातला फोटो

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ऑनर्सचा प्रबंध घेतला. वर्गातली मुलं मला मॅम म्हणायची, ते मला अजिबात आवडायचं नाही. विषय होता, नोकरीतल्या भेदभावाच्या इथल्या कायद्यात जात बसते का. कोर्टाचे निकाल वाचून तीन प्रकरणं लिहून झाली. चौथ्यासाठी माणसांशी बोल, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, कारण जात लपवून नोकरी करणारा माणूस सहसा कोर्टात जातच नाही.

असा माणूस मला माहीत होता. नागपूरकडचे एक काका, आमच्यासारखेच बौद्ध, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि दोन तास मोकळेपणाने बोलले. टीममधली मराठी मंडळी जेवायला येणार असली, की ते हॉलमधला निळ्या कोटातला फोटो उतरवून कपाटात ठेवत आणि त्याच खिळ्यावर दीपगृहाचं एक चित्र टांगत. तो फोटो कोणाचा, हे मराठी माणसाला सांगायला नको. ऐकताना मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. प्रकरण उभं राहिलं होतं.

नियमाप्रमाणे मी नाव, गाव, कंपनी सगळं बदललं आणि मसुदा काकांना वाचायला नेला. वाचून त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

"नाव चेंज केलंस गं, पण त्या लाइटहाऊसखाली माझी अख्खी टीम बसून जेवलीय. हे ऑनलाइन गेलं की संपलं."

"काका, प्रबंध कोण वाचतंय?"

"आपले लोक वाचतात. दोन प्रश्नांत माणूस शोधून काढतात."

ते खरं होतं. आडनावावरून अंदाज आला नाही की गाव विचारायचं, गावावरूनही नाही आला की "तुमच्याकडे लग्नात काय पद्धत?" हे मीही झेललंय. संमतीपत्राचे नियम करणाऱ्यांना ते कुठून ठाऊक असणार? बाई म्हणाल्या, सही आहे, नियमात बसतं, तू ठरव. चार दिवस मी काकांवर चिडून होते. सही करताना कळत नव्हतं का? मग माझी मलाच लाज वाटली आणि मी तो मजकूर काढून टाकला.

प्रकरणाला भगदाड पडलं. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. घड्या केलेले कपडे ठेवायला बेडरूममध्ये गेले, तर समोर आमचा फोटो. तोच, निळ्या कोटातला. अकरा वर्षं तिथेच, कारण हॉलमध्ये नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक येतात. काकांची कीव करत मी दोन तास लिहून घेतलं होतं. ते निदान फोटो उतरवायचे तरी. आम्ही हॉलमध्ये तो कधी लावलाच नव्हता.

मी ते लिहिलं, स्वतःच्या नावाने. संमतीपत्राची गरज नव्हती, तरी नवऱ्याला विचारलं.

"ऑफिसमधले वाचतील यार," तो म्हणाला. मग उठून बेडरूममधल्या फोटोपाशी जाऊन आला. "लिही."

प्रबंध ऑनलाइन गेला त्या दिवशी त्याने हॉलमध्ये खिळा ठोकला. फोटो जरासा वाकडा लागला, तो त्याने दोनदा सरळ केला. शनिवारी त्याच्या टीममधली दोन कुटुंबं जेवायला येणार होती. आम्ही काही कॅन्सल केलं नाही.