रजनीकाकीच्या गाडीचे पाटे

रजनीकाकी चहा चालत प्यायच्या. हातखंब्याला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. समोर त्यांची पांढरी पिकअप लागली की मी दोन चहा सांगायचो. एक माझ्या टेबलावर निवत राहायचा आणि दुसरा गाडीभोवती फिरत असायचा. एका हातात कप, दुसऱ्या हाताने मागचा फाळका दाबून बघ, टायरला पायाने ढोसून बघ, मधेच वाकून मागच्या चाकाशी कान लाव. बंद गाडीत त्यांना काय ऐकू यायचं, देव जाणे. “बसा हो काकी जरा,” म्हटलं की उत्तर ठरलेलं. “बसलं की नको नको तां डोक्यात येतं.”

काकी गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. अजूनही दुकानासमोर पांढरी पिकअप थांबली की माझी मान वर होते.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, रत्नागिरीच्या बंदरातल्या एका मासेमारी लाँचवर तांडेल, म्हणजे लाँच हाकणारे प्रमुख होते. माणूस उंच, आवाज खणखणीत. एकदा माल उतरवताना ओल्या फळीवरून पाय सटकला आणि ते खाली मासळीच्या कप्प्यात पाठीवर पडले. ऑपरेशन झालं. काठी टेकत चालू लागले, कमरेला पट्टा बांधून बसू लागले. पण समुद्र सुटला. तोवर बाजारात मासळी विकणाऱ्या काकींनी मग जुनी पिकअप घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. ड्रायव्हर वाटेत गाडी लावून झोपायचा, आणि इकडे बर्फ वितळायचा. काकींनी त्याला रजा दिली आणि स्वतः गाडी शिकल्या. चाळिशी केव्हाच उलटून गेली होती. बंदरावर लोक हसले. काकी म्हणाल्या, “समुद्राचा भरवसा नाय म्हणून रस्त्यावर आले. रस्ता त्याच्याहून लबाड निघाला, तर निघू दे.”

पहाटे बंदरात क्रेट भरायचे, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा, कोल्हापुरात माल उतरवून रिकामं परत यायचं. आणि शेजारच्या सीटवर नाना. घरी ते दारात बसून खाडीकडे बघत राहायचे आणि येईल त्याच्याशी भांडायचे, म्हणून काकी त्यांना बरोबर घ्यायच्या. गाडीत मात्र नाना पुन्हा तांडेल व्हायचे. पुढे खड्डा आहे, डावीकडे घे, तो ट्रक दारू प्यायलाय, मागेच राहा. काकी कुरकुरायच्या, की स्टिअरिंग माझ्या हातात आणि गाडी ह्यांच्या तोंडात. पण एखाद्या दिवशी नाना गप्प असले, तर काकींचं अर्धं लक्ष रस्त्यावरून उडालेलं असायचं.

मासळीच्या गाडीला एक रोग हमखास लागतो. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी सारखं खाली गळतं आणि मागच्या पाट्यांना खातं. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकाखाली एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. काकींच्या गाडीचा मोठा पाटा एका सकाळी पालीजवळ भरल्या गाडीत मोडला. गाडी एका अंगाला बसली, माल दुसऱ्याच्या टेंपोत चढवावा लागला, आणि दुपारी गाडी ओढत माझ्याकडे आणली.

त्याच सुमाराला कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने त्यांना जास्त माल आणायला सांगितलं होतं. रोज, बारा महिने. जमत नसेल तर दुसरी गाडी बघतो म्हणाला होता. त्यामुळे पाटे नुसते बदलायचे नव्हते, कुठले घालायचे ते ठरवायचं होतं. मी तीन जोड बाहेर काढून ठेवले. एक गाडीबरोबर येतो तसा. दुसरा कडक, जाड पट्ट्यांचा, त्यात दोन पट्ट्या जास्त. तिसऱ्यात वरच्या पट्ट्या नरम आणि सगळ्यांत खाली एक जाड, सपाट पट्टी. गाडी रिकामी असली की ती नुसती लोंबकळते, भार आला की वरच्या पट्ट्या तिच्यावर टेकतात आणि मग ती काम करते. शेजारी महादू मिस्त्रीचं काम चालतं. तो म्हणाला, मालाच्या गाडीला कडकच, दुसरं बघूच नका. माझंही तेच मत होतं. सगळे तेच नेतात.

काकी तिन्ही जोडांभोवती फिरल्या. मग विचारलं, “आनि येताना?”

रिकामी गाडी थोडी उडेल, मी म्हणालो. त्यांनी केबिनकडे पाहिलं. नानांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आतूनच सांगितलं, “कडक घे.”

कडक बसवले. गाडी भरली तरी मागून वाकेना. घाटात वळणावर झुकेना. व्यापारी खूश झाला. काकी पाट्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला आल्या तेव्हा त्यांचा चहा सुद्धा जरा सावकाश संपला. मला वाटलं, झालं.

पण हायवेचं काम तेव्हा सगळीकडे अर्धवट पडलं होतं. नवा रस्ता मधेच संपायचा, मग खडी, मग मातीचं वळण, पुन्हा नवा रस्ता. एका दुपारी काकी आल्या त्या गाडी आडवीच सोडून. चहा नको म्हणाल्या. मला हाताला धरून केबिनपाशी नेलं आणि नानांना हात दाखवा म्हणाल्या. नाना तयार नव्हते. काकींनी त्यांची मूठ स्वतःच्या हाताने उघडली. तळव्यांवर फोड होते, काही फुटलेले.

तांडेलाच्या हातावर दोराने पडतात तसे फोड. पण नानांनी दोर सोडून वर्षं झाली होती. येताना खड्डा दिसला की ते दोन्ही हातांनी सीटच्या कडा धरून अंग वर उचलून धरायचे, पाठीला हादरा बसू नये म्हणून. कोल्हापूरपासून हातखंब्यापर्यंत, रोज. वर तोंडाने “डावीकडे घे” चालूच. त्या दिवशी धाब्यावर जेवताना त्यांना भाकरी मोडता येईना, तेव्हा काकींना कळलं.

“हे काढ,” काकी मला म्हणाल्या.

महादू कातावला. महिना नाही झाला, म्हणाला, आणि व्यापाऱ्याचं काय? नाना इतका वेळ समोर बघत होते. ते हळू म्हणाले, “मला घरी ठेव. गाडी पोट भरते. मी नुसता बसतो.”

काकी गाडीला एक फेरी मारून आल्या. आमच्या कोणाकडे न बघता त्यांनी विचारलं, “मग रस्त्यावर मी बोलू कुनाशी?”

महादूने पाने काढले.

पुढचे काही दिवस काकींनी आम्हाला बसू दिलं नाही. आधी कडक जोडातली एक पट्टी काढून पाहिली. मग आणखी एक. प्रत्येक वेळी नानांना माझ्या दुकानात बसवायच्या, स्वतः नानांच्या जागी बसायच्या आणि मला गाडी चालवायला लावायच्या. “खड्ड्यात घाल,” म्हणायच्या. मी चुकवला तर रागवायच्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले, कशालाही न धरता. परत आल्यावर नाही म्हणून मान हलवायच्या. शेवटी तिसरा जोड बसवला. त्यावर दोनदा जाऊन आलो. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, “चांगला नाय. पन सोसवेल.”

मात्र त्या जोडावर व्यापाऱ्याला हवा तेवढा माल चढवणं शहाणपणाचं नव्हतं. काकींनी त्याला तसं कळवलं आणि त्याने दुसरी गाडी धरली. काकींनी पाली, साखरपा, देवरूख असे जवळचे बाजार धरले. फेऱ्या वाढल्या, गिऱ्हाइकं बारीक झाली, कटकट वाढली. त्या जास्तच फिरू लागल्या. पुढे मागे कधी पाट्यांचा विषय निघाला की म्हणायच्या, “ओझ्याला काय, कुठे पन ठेव. मानूस ठेवायला जागा लागते.”

नाना पुढे चार वर्षं त्या सीटवर बसले. गेले ते घरीच, झोपेत.

दिवसकार्य उरकल्यावर काकी आल्या. चहा घेऊन गाडीभोवती फिरल्या आणि सरळ म्हणाल्या, “तो कडक जोड बसव आता. कोल्हापूरवाल्याचा फोन आलाला.” मला ते ऐकवेना. त्यात चूक काहीच नव्हती, पण महादूने पहिला बोल्ट सैल केला तेव्हा मी आत जाऊन उगाच खोकी लावत बसलो. काकी मात्र शेवटपर्यंत तिथेच होत्या. काढलेला नरम जोड त्यांनी भंगारात टाकू दिला नाही. गाडीतच घालून घरी नेला.

नंतर मी पाहिलं, काकी कोल्हापूरहून परत येताना गाडी भरून आणू लागल्या. कोबी, बटाटे, कधी गुळाच्या ढेपा. त्यातून त्यांना फारसं काही सुटत नव्हतं. मासळीचा वास घालवायला तिकडे गाडी धुवायची, ताडपत्री बदलायची, उतरवायला इथे माणूस शोधायचा. साठीच्या बाईने हा व्याप का करावा? एकदा मी विचारलं, की काकी, माल टाकला की सरळ घरी यावं, एवढी धावपळ कशाला?

गाडी कोबीने भरलेली होती. शेजारच्या सीटवर नानांचा कमरेचा पट्टा घडी करून ठेवला होता. काकींनी रिकामा कप माझ्या हातात दिला आणि गाडी चालू केली.

“रिकामी असली की फार आपटते रे,” त्या म्हणाल्या, आणि पालीच्या उलट दिशेला, घराच्या रस्त्याला लागल्या.