आपले साहेब

चंदनसारला आमच्याच इमारतीत राहणारे हे गृहस्थ पक्षाचं नाव कधी घेत नाहीत. ‘आपले साहेब’ म्हणतात, तेही कानाशी येऊन, जणू साहेब शेजारच्या खोलीत झोपलेत. इमारतीला नळ मिळवून देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, त्यामुळे कुठले साहेब, हे आम्ही विचारत नसू.

विधानसभेच्या मतमोजणीच्या दुपारी त्यांनी नाक्यावर फटाक्यांची माळ लावली. ती निम्मी वाजते तोच एक रिक्षावाला ओरडला, “अरे, लीड फिरला!” गृहस्थांनी शांतपणे माळ मधूनच तोडली आणि उरलेली पिशवीत ठेवली. संध्याकाळी राज्यातली सत्ताही पालटल्याचं कळलं, आणि ती उरलेली माळ दुसऱ्या पक्षाच्या मिरवणुकीपुढे वाजली.

मला हसू आलं, ते त्यांनी पाहिलं. कपाळावरचा गुलाल सारखा करत ते माझ्या कानाशी आले.

“काका, निवडणुकीआधी तुम्ही या साहेबांबद्दल जे बोललात ना, ते मी विसरलो बरं का. आपल्याला नळ हवाय.”

मी काहीच बोललो नव्हतो. तरी घरी येऊन बायकोला विचारलं, “मी काही बोललो होतो का गं?”

उत्तर देण्याआधी तिने खिडकी लावून घेतली.