मालिनीबाईंचं पेनांग

अमेरिकेत सांता क्लाराच्या आसपास चिप बनवणाऱ्या कंपन्यांत जे मराठी लोक होते, त्यांच्यातल्या कुणाची मलेशियात पेनांगला बदली झाली की त्यानं आधी मालिनी पाठाऱ्यांच्या घरी जेवायला जायचं, असा रिवाजच पडून गेला होता. मालिनीबाईंचे यजमान त्र्यंबकराव कंपनीचा तिथला कारखाना उभा करायला गेले होते, तेव्हा दोघं चार-पाच वर्षं पेनांगला राहिली होती. त्यामुळे भात वाढता वाढता बाई सांगायला लागायच्या. घर बघायला जायचं ते पाऊस कोसळत असताना, कोरड्यात सगळीच घरं चांगली दिसतात. टॅक्सीत पाय ठेवण्याआधी भाडं ठरवायचं. तूरडाळ आणि कढीपत्ता तमिळ दुकानदाराकडे मिळतो, पण त्याला आधी त्याच्या मुलाबाळांचं विचारायचं. चिन्यांचा पितरांचा महिना असतो, तेव्हा रस्त्याकडेला मांडलेल्या नैवेद्यावरून चुकूनही पाय टाकायचा नाही. ड्यूरियनचं फळ गाडीत ठेवायचं नाही, त्याचा वास जात नाही, गाडी विकावी लागेल. लोक हसायचे, ताटं चाटूनपुसून साफ करायचे आणि पेनांगला निघून जायचे. बाई मागे राहायच्या.

खरं सांगायचं तर त्यांना ते सगळं दुसऱ्यांना सांगायचंच नव्हतं, स्वतः परत जायचं होतं. पेनांगला त्यांच्या व्हरांड्यात गल्लीतली पोरं गणित शिकायला यायची, चिनी, तमिळ, मलाय, सगळी. मलाय भाषेत गुरुजींना चेगू म्हणतात, तसं अख्खी गल्ली बाईंना चेगू म्हणायची. मासेवालीसुद्धा. इथं त्याच एम.एस्सी. झालेल्या बाई मॉलमधल्या कापडाच्या दुकानात वार मोजून द्यायच्या, आणि शेजारीण सहा वर्षांत एकदा दारात आली होती, तीही चुकून तिकडे गेलेलं पत्र द्यायला. तेव्हा बाईंचा जीव तिकडे अडकला होता यात नवल ते काय?

आणि चौऱ्याऐंशी साली संधी चालून आली. पेनांगच्या कारखान्याला नवा मुख्य हवा होता. त्र्यंबकरावांचे साहेब, हॉल्डन, यांच्या मनात त्र्यंबकरावच होते. फक्त एक मेख होती. आधी पाठवलेल्या गृहस्थाची बायको तिकडे रमली नाही म्हणून तो मुदतीआधीच परत आला होता. तेव्हापासून साहेब नवऱ्याआधी बायकोला विचारायचे. त्र्यंबकरावांनी ते घरी येऊन स्पष्ट सांगितलं होतं आणि साहेबांना जेवायलाही बोलावलं होतं. बाईंनी दोन दिवस खपून स्वयंपाक केला. पुरणपोळ्या केल्या, त्यातल्या दोन साहेबांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

मग हातरुमाल बाजूला ठेवून साहेबांनी थेट बाईंना विचारलं, पेनांगला परत जायला तुम्हाला आवडेल का?

हो हा शब्द बाईंच्या जिभेवर होता. पण बाई वाढल्या होत्या सातारच्या अशा घरात, जिथं पाहुण्यानं पहिल्यांदा विचारल्याबरोबर चहासुद्धा घ्यायचा नसतो. ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, हाताला वळसा घालून जिलबी वाढायची, मग ‘अहो किती हे’ म्हणत खायची. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. एवढी मोठी गोष्ट तर तोंड पसरून कशी मागायची? बाई लाजून हसल्या आणि म्हणाल्या, "नको नको, आमच्यासाठी कशाला उगाच त्रास. इथं छान चाललंय आमचं." हे सगळं इंग्रजीत म्हणाल्या, आणि इंग्रजीत ते फारच ठाम वाटलं.

साहेबांनी मान हलवली. मोकळेपणानं सांगितल्याबद्दल आभार मानले. आणि विषय बदलून आपल्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलायला लागले.

बाई थांबल्या. आता पुन्हा विचारतील. कॉफी झाली. दुसऱ्यांदा विचारलं की थोडं आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, एवढं त्यांचं पक्कं होतं. साहेबांनी कोट घातला. त्र्यंबकराव टेबलाशी बसून चमच्याशी खेळत राहिले, कारण बायकोनं नाही म्हटल्यावर आपण मध्ये पडून स्वतःसाठी मागायचं, हे त्यांच्याही तोंडून निघेना. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी ही जोडी. गाडीचे दिवे वळणावर दिसेनासे झाले तेव्हा कुठे बाईंना कळलं, आता पुन्हा कुणी विचारणार नाही.

"एकदा हो म्हणायला काय झालं होतं तुला?" भांडी विसळता विसळता त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

त्र्यंबकरावांनी विसळलेलीच वाटी पुन्हा विसळायला घेतली.

सोमवारी बाईंनी त्यांना ढकलूनच साहेबांकडे पाठवलं. माझ्या बायकोला खरं म्हणजे फार जायचंय, असं त्र्यंबकरावांनी चाचरत सांगितलं. साहेब भला माणूस. त्यानं त्र्यंबकरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, नोकरीसाठी बायकोवर कधी जबरदस्ती करू नकोस. आपल्याकडच्या बायकांना नाही म्हणणं किती जड जातं, हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. तो पुढे म्हणाला, त्या बिचारीनं धीर करून नाही म्हटलंय, तिचा मान ठेव. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्मानं नेलंच, वर चांगुलपणानं दारही लावून घेतलं.

जागा हेमचंद्रला मिळाली. त्र्यंबकरावांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. रिवाजाप्रमाणे तो बायकोला, सुनेत्राला, घेऊन जेवायला आला. न बोलावून चालणार कसं? बाईंनी सगळं सांगितलं. कुठल्या टेकडीवर वारा असतो, फेरीबोटीत पुढे उभं राहायचं की मागे, घामानं चिकचिक झाली तरी पंख्याखाली ओल्या केसांनी झोपायचं नाही. सांगता सांगता आवाज चढत गेला, हात हलायला लागले. सुनेत्रा मात्र घामाचं आणि डासांचंच विचारत होती. ती म्हणाली, साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी यस म्हणून टाकलं, पण यार, वर्षभर काढायचं आणि परत यायचं, करिअरसाठी बरं असतं.

बाईंना तिच्या पानातली पोळी उचलून घ्यावीशी वाटली. इतका राग त्यांना जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि त्या पोरीची चूक तर काहीच नव्हती.

"काकू, तुम्हाला इतकं आवडायचं तिथं," सुनेत्रानं अगदी साधेपणानं विचारलं, "मग तुम्हीच का नाही गेलात?"

त्र्यंबकराव वरणाच्या वाटीकडे बघत म्हणाले, "हिला नको होतं."

हेमचंद्र चपापला. सुनेत्रा बाईंकडे बघत राहिली. खरं काय ते सांगायला एवढं पुरेसं होतं, दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

विचारल्याबरोबर सरळ उत्तर देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मग त्यांनी सुनेत्राला भात वाढला आणि घरमालकाशी करार करताना काय काय लिहून घ्यायचं, ते सांगायला लागल्या.