बडेसाबांचं भारनियमन

सिंगापूरमध्ये राहून आपखुशीने भारनियमन पाळणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो बुकित पंजांगला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो. जहाजावर चीफ इंजिनिअरला बडेसाब म्हणतात. हे गृहस्थ निवृत्त झाले, समुद्र सुटला, डोक्यावरचे केसही सुटले, पण हुद्दा काही सुटला नाही. आम्ही आयटीवाली मंडळी त्यांना बडेसाबच म्हणतो, आणि काकूसुद्धा चिडल्या की "विचारा तुमच्या बडेसाबांना!" म्हणून मोकळ्या होतात.

या गावात वीज जात नाही. पण क्यूबात इंधनाचा खडखडाट होऊन हवाना अंधारात गेल्याची बातमी आली, की बडेसाब इकडे घरातली बटणं पटापट बंद करतात. दिवे बंद, पंखे बंद, एसी तर बंदच. फ्रिज तेवढा काकूंनी भांडून सोडवून घेतला आहे. लिफ्ट समोर उभी असताना हे बाराव्या मजल्यापर्यंत जिना चढतात. एकदा भर दुपारी गेलो, तर नवराबायको पुठ्ठ्याने वारा घेत घामाघूम बसलेले. "आजोबा, क्यूबामध्ये नो पॉवर, आपल्याकडे आहे लाह!" असं नातीनेही सिंगापुरी हेल काढून समजावून पाहिलं. "बेटा, समोर उपाशी माणूस बसला असला, तर आपल्याला घास उतरते का?" बडेसाब अकोल्याच्या हेलात म्हणाले. तो उपाशी माणूस अर्ध्या पृथ्वीपलीकडे बसलाय, हे सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

त्या माणसाचं नाव रामोन. इंजिनाच्या एका सुट्या भागापायी बडेसाबांचं जहाज हवानाच्या बंदरात अडकून पडलं होतं, तेव्हाची ही दोस्ती. सोलापूरकडे बायका विड्या वळतात, तसा रामोन कारखान्यात सिगार वळतो. त्याच्याशी गप्पा मारता याव्यात म्हणून बडेसाब स्पॅनिश शिकले; तीही ते अकोल्याच्याच हेलात बोलतात. स्वतः मात्र सिगार ओढत नाहीत. डॉक्टरांनी दम दिलाय आणि काकूंनी त्याहून मोठा. रविवारी रामोनच्या सिगारचा डबा उघडायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि डबा बंद करायचा, एवढंच त्यांचं व्यसन.

ऑर्चर्ड रोडच्या दुकानात हवानाच्या सिगारचे भाव गगनाला भिडलेत, असं मी एकदा सहज बोलून गेलो आणि पस्तावलो. बडेसाबांनी माझी शाळाच घेतली. "अहो, सिगार वळायला वीज लागत नाही, बोटं लागतात. पण पान शेतावरून आणायला ट्रकला डिझेल लागते, कामगाराला यायला बस लागते, आणि बोटं चालायला पोटात काही लागते की नाही?" त्या कारखान्यात म्हणे एक वाचक असतो. कामगार सिगार वळतात आणि तो उंच ओट्यावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. वीज गेली की माइक बंद पडतो, मग बिचारा घसा फोडून वाचतो.

मध्यंतरी रामोनचा फोन येईनासा झाला. रामोनला मधुमेह. इन्सुलिन थंडाव्यात ठेवावं लागतं, आणि त्याच्या घरचा फ्रिज विजेअभावी नुसतं कपाट होऊन बसलेला. बडेसाब जेवेनासे झाले. फोन हातात धरून बसायचे. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी ऑफिसातून परस्पर तिकडेच जायला लागलो.

अशाच एका दिवेलागणीला, घरात अर्थातच दिवा नसताना, फोन वाजला. व्हिडिओ कॉल! तिकडे कोवळं ऊन होतं, सिगार वळणाऱ्यांची बाकं होती आणि मधोमध वाळलेला, पण हसरा रामोन. बडेसाबांनी फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरला. रामोन मात्र डोळे बारीक करून इकडचा अंधार बघत राहिला आणि त्याचं हसू मावळलं. तो काहीतरी भराभर बोलू लागला. बडेसाब चोरट्या आवाजात आम्हाला सांगू लागले, "त्याला वाटते, आपलीच वीज गेली. म्हणते, घाबरू नको, सवय होते. भात सकाळीच शिजवून ठेव. इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवलं तर टिकते, मी तेच करतो. आणि तुला मेणबत्त्या कशा पाठवू, विचारते."

काकू उठल्या. त्यांनी घरातलं एकूण एक बटण दाबलं. दिवे, पंखे, एसी, देवघरातली माळ, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखासुद्धा.

तिकडे रामोन आनंदाने ओरडला. बाकांवरचे सगळे उठले आणि सिंगापूरची वीज आली म्हणून टाळ्या वाजवू लागले. ओट्यावरचा वाचकही टाळ्या वाजवत होता. बडेसाब लहान मुलासारखे रडत होते आणि मीही.

तेवढ्यात चित्र थिजलं आणि फोन तुटला. तिकडची वीज गेली असावी. आम्ही पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. काकू सवयीने बटणाकडे वळल्या, तर बडेसाबांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "परत लागला, तर त्याले उजेड दिसला पाहिजे."