पोपटीतले वाल आणि माझा रिपोर्ट

मी आज लॅब टेक्निशियन आहे तो आपटा गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या घरतबाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तरी गेल्या हिवाळ्यात मी बाईंचं शिकवणं विसरलो.

करंजाच्या सुनंदाताई रिपोर्ट घेऊन पनवेलच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर उभ्या होत्या. बंदराच्या कॅन्टीनमध्ये त्यांना स्वयंपाकाचं काम लागत होतं. मेडिकल दुसऱ्या दिवशी होतं. शौचाच्या तपासणीत मी लिहिलं होतं, ‘जंतांची अंडी दिसली.’ असा रिपोर्ट पाहून त्यांना कोण कामावर घेणार?

“दादा, मना काय त्रास नाय. मंग जंत आलं कुठून?”

मी खाण्याबद्दल विचारलं. दोन दिवस पोपटीच चालली होती, म्हणाल्या. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मी उरलेलं सॅम्पल पुन्हा घेतलं.

सकाळी घाईत मी फक्त सलाईनमधली, म्हणजे मिठाच्या पाण्यातली स्लाइड पाहिली होती. गोलसर आकार, जाड कड, आत दाणे.

बाईंनी आठवीत कांद्याचा पापुद्रा आणि आमच्याच गालाच्या आतल्या पेशी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. दोन्हींत केंद्रक, दोन्हींना पातळ पटल. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून आणखी एक भिंत. पण जंताच्या अंड्यालाही जाड कवच असतं, म्हणून नुसती कड फसवते. फरक आतल्या साठ्यात आहे. वनस्पती स्टार्च साठवते, प्राणी साठवत नाही. स्टार्च आयोडीनने निळा होतो.

मी थेंब टाकला. माझी ‘अंडी’ निळीजांभळी झाली. त्या वालाच्या पेशी होत्या. मडक्यात भाजल्या, दातांखालून गेल्या, पोट पार केलं, तरी भिंत शाबूत. मी बघतच राहिलो.

मग लॅबच्या डॉक्टर मॅडमकडे जाऊन चूक सांगितली. रिपोर्टवर सही त्यांची होती. त्यांनी स्वतः स्लाइड पाहिली.

“हे कॉलेजात शिकवलं?”

“नाही मॅडम. शाळेत.”

“मग कॉलेजात काय करत होतास?”

हसल्या नाहीत. सुधारलेला रिपोर्ट मात्र लगेच दिला. सुनंदाताई कामावर लागल्या. मी एवढंच शिकलो की घाईत वाचवलेली दोन मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची असतात. त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं:

‘आदरणीय बाई, सा. न.

तुमच्या विद्यार्थ्याने चुकीचा रिपोर्ट दिला आणि त्यानेच तो मागे घेतला. आता आमच्याकडे आयोडीनची स्लाइड पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही होत नाही. सुनंदाताईंनी सुके बोंबील पाठवले आहेत. त्या बोंबलांवर हक्क तुमचा आहे. रविवारी घेऊन येतो.’