हवा न काढलेलं चाक

घोटावड्याची ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. गावातला एकजण पोलीस ठाण्याच्या फोनवर ओरडत होता, "सायेब, डंपरचा टायर फुटला, वेल्डर जागीच गेला! लोकांनी पंक्चरवाल्याला धरलाय, लई मारत्यात, लवकर या!"

पंक्चरवाल्याला जमावातून सोडवून ठाण्यात आणलं. बाहेरच्या राज्यातला माणूस होता. वेल्डरच्या भावाची तक्रार सरळ होती: दुकानाच्या जागेवरून वेल्डरचं आणि याचं भांडण होतं, म्हणून यानं सकाळी मुद्दाम जास्त हवा भरली. पंक्चरवाला एवढंच म्हणे, "साहब, गेज लगाके भरी थी." बाहेर शे-दीडशे माणूस, एकच ओरडा: खुनाचा गुन्हा नोंदवा, नाहीतर त्याला आमच्या ताब्यात द्या! अरे, ठाणं म्हणजे काय भाजी मंडई आहे?

त्याला लॉकअपमध्ये बसवलं, त्याचा जीव वाचावा म्हणून. मी पंचनाम्याला गेलो. सकाळी त्यानं डंपरच्या सगळ्याच चाकांत हवा भरली होती. बाकीच्या चाकांना गेज लावला, दाब अगदी बरोबर. मग हेच का फुटलं? फुटलेल्या चाकाची डिस्क, म्हणजे टायर बसतो ती लोखंडी चकती, उलटी केली, तर तिच्या भेगेवर ताजं वेल्डिंग.

डंपरच्या ड्रायव्हरला समोर बसवलं. "वेल्डिंगच्या आधी टायर उतरवला होता?"

"न्हाई सायेब."

"हवा तरी काढली होती?"

"परत भरायला येळ जातो. खेप हुकली असती. आमी नेहमी असंच करतो."

झालं! हवा टायरमध्ये कोंडलेली, पसरायला जागा नाही, आणि वरून वेल्डिंगची धग. हवा तापेल तसा तिचा दाब वाढत गेला. शेवटी टायरला तो सोसला नाही.

ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला आणि वेल्डरच्या भावाला सगळं समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "दादाला बी ह्ये कळलं न्हाई व्हय?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं.

लॉकअप उघडलं तरी पंक्चरवाला बाहेर येईना. गर्दीच्या भीतीनं कोपरा धरून बसला. शेवटी त्या भावानंच त्याचा हात धरला. "चल, तुजी चूक न्हाई. मी हाय संगट." आणि भर गर्दीतून त्याला दुकानापर्यंत सोडून आला.

गुन्हा नोंदवायला इतका वेळ का, असं वरिष्ठांनी मला विचारलं होतं. लावला वेळ, बरं केलं. कागदावर एकदा खुनी लिहिलं, की तो शब्द पुसण्यात गरीब माणसाचं आयुष्य जातं.