अण्णाचा न हललेला फोटो

रात्रीच्या खेळाचे फोटो काढणं सोपं वाटत असेल, तर आमच्या कुंभारवाड्याच्या बाजूला येऊन कबड्डी बघावी. भाताची कापणी झाली की एखादं शेत सपाट करून, पाणी मारून, वर भुसा पसरून मैदान तयार होतं. बांबूला हॅलोजन बांधायचे, जनरेटर लावायचा. पण देवराईच्या बाजूला एकही दिवा नाही. देवाच्या झोपेवर उजेड मारायचा न्हाई, असं जुनी माणसं सांगतात, आणि आम्ही ऐकतो. त्यामुळे अर्धं मैदान लख्ख नि अर्धं अंधारात.

माझा कॅमेरा बेळगावातनं घेतलेला, सेकंडहँड. त्याच्याबरोबर आलेली साधी लेन्स तेवढी होती. दिवसाउजेडी दोन-चार बारशांचे फोटो काढून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच मॅचला सगळी घमेंड उतरली. जो पळतो तो पुसला जातो. हात कुठे, पाय कुठे, काही कळेना.

मॅच संपल्यावर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घाम पुसत कॅमेऱ्यात बघायला आला.

"ह्यात मी कुठं हाय?"

"हा काय. हा पांढरा धूर दिसतोय न्हवं, त्यो तू."

तो हसला, पण त्याच्या मनाला लागलं. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. गुडघा गेला होता, शिमगा झाला की गोव्याला टेम्पोवर जायचं ठरलं होतं. इतकी वर्षं गावासाठी चढाया केल्या, पण घरात त्याचा खेळतानाचा एक फोटो नव्हता.

"एक तरी काढ गं," तो म्हणाला. "उद्या पोरं व्हतील, त्यास्नी काय दाखवू?"

मी आधीच वैतागले होते. म्हटलं, "कॅमेरा साधा हाय. थांबशील तर येशील. त्या मधल्या रेषेजवळच्या खांबाखाली उजेड हाय, तिथं जरा थांब की." लग्नात नवरा-नवरीला सांगावं तसं सांगितलं. चढाईला गेलेला माणूस थांबेल, असं कोण धरून चालेल?

फायनल बाजारकुणंग गावच्या पोरांशी होती. शेवटची चढाई अण्णाची, आणि आम्ही एका गुणानं मागे. त्यानं दोघांना शिवलं. नुसता परत आला असता तरी ढाल आमची होती. वाटेत तो रेषेजवळचा खांब आला, आणि माझा वेडा भाऊ तिथं थांबला. माझ्याकडं तोंड करून, छाती काढून, हसत. माझ्या बोटानं आपसूक बटण दाबलं. तेवढ्यात मागनं एकानं त्याचा घोटा धरला, वर बाकीचे पडले. मधल्या रेषेपासून हातभर अलीकडे त्याचा दम तुटला.

आमची पोरं धावत आली. काय झालं रे, कशाला थांबलास? "गुडघा धरला," अण्णा म्हणाला. गुडघ्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी पुढं विचारलं नाही. मग तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आला काय?"

आला होता. कपाळाला चिकटलेला भुसासुद्धा दिसत होता. मागं घोट्याकडं आलेला हातही दिसत होता. गुडघा धरलेला माणूस असा हसत उभा राहत नाही, हे कुणीही ओळखलं असतं. आणि अण्णाच्या खांद्यावरनं सगळी टीम कॅमेऱ्यात डोकवायला लागली होती. मी कॅमेरा बंद केला.

"न्हाई. हालला."

"असू दे," तो म्हणाला नि शर्ट घालायला गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

नंतर एकट्याला दाखवू म्हटलं होतं. पण घरी कायम कुणीतरी त्याच्याजवळ बसलेलं असायचं, मग तो गोव्याला गेला. पुढं पुढं तर इतके दिवस का लपवलंस म्हणेल, याचीच भीती वाटायला लागली. माझा जीव अजून त्यावरनं जळतो.

यंदा जत्रेला तो पोरीला घेऊन आला. आता पोट सुटलंय, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतो. लॅपटॉपवर जुने फोटो बघत बसलो होतो. पोरगी माझ्या मांडीवर.

"आत्ती, पप्पा कुठं हाय?"

अण्णानं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो पांढरा धूर हाय न्हवं, त्यो मी."

"खोटं," ती म्हणाली. "पप्पा कुठं खेळतात?"

तो हसला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "एक बी आला न्हाई न्हवं गं?"

तो फोटो त्याच लॅपटॉपमध्ये, दुसऱ्या फोल्डरात आहे. टीममधली पोरं पोटापाण्याला चारी दिशांना गेलीत, ती मॅच आता कुणाच्या ध्यानातही नसेल.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं.

तोवर पोरगी मांडीवरनं उतरून बाहेर पळाली होती.